अब्बांची गाडी का सडली?

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अब्बांच्या गाडीवरची ताडपत्री काढली. धाकट्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या आधी मागच्या दारातून आत शिरला आणि लगेच किंचाळला. त्याचा पाय गाडीच्या तळातून आरपार जाऊन खालच्या मातीला टेकला होता. पोटरीला पत्रा लागला. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. अल्लाहच्या मेहरबानीने तेवढ्यावरच भागलं. पण त्याच आठवड्यात आम्ही सगळे त्या गाडीतून एका लग्नाला जायचा बेत करत होतो. गाडी रस्त्यावर असताना तळ निसटला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं. पण आमच्या हुपरीत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं गेलं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. अब्बा चांदीचे कारागीर. हुपरीत ज्या असंख्य घरांत पैंजण आणि वाळे घडतात, त्यांतलंच एक आमचं. चार पैसे साठवून १९९४ मध्ये त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. गल्लीतल्या किती बायका बाळंतपणासाठी या गाडीतून कोल्हापूरला, मिरजेला गेल्या असतील, त्याचा हिशेब नाही. रात्री-अपरात्री दार वाजलं की अब्बा किल्ली घेऊन बाहेर. कुणाकडून भाडं घेतल्याचं आम्हाला आठवत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये अब्बांचं निधन झालं. अम्मी एकच वाक्य बोलल्या, "गाडी को हात नको लगाव." त्यांचं दुःख समजत होतं, म्हणून आम्ही गाडी घरामागच्या शेडमध्ये लावली. शेड म्हणजे जुना म्हशींचा गोठा. दगडी भिंती, वर पत्रे, खाली माती. गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून खिडकीच्या जाळीत गोणपाट कोंबलं. धूळ बसू नये म्हणून जाड प्लास्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधली. रिकामी जागा दिसली म्हणून उसाच्या खताची पोती गाडीशेजारी रचली. धाकटा भाऊ पंधरा दिवसांनी एकदा ताडपत्रीचं एक टोक उचलून गाडी पाच मिनिटं चालू करायचा आणि बंद करायचा. पुढे बॅटरी उतरली आणि तेही थांबलं. त्याच वर्षी जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात महापुराचा पाऊस झाला. हुपरीत आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. पण गोठ्याच्या भिंतींना ओल चढली ती उन्हाळ्यापर्यंत उतरली नाही. असे चार पावसाळे गेले. आम्हाला वाटत होतं, आम्ही अब्बांची निशाणी सांभाळतोय.

अपघातानंतर गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीखाली जाऊन पान्ह्याने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. कुठे टणटण वाजलं, कुठे पान्हाच आत गेला. बाहेर येऊन ते म्हणाले, "सर, ही पावसानं सडली न्हाई. झाकल्यानं सडलीया."

ते एकेक सांगत गेले आणि सांभाळायला म्हणून केलेली आमची प्रत्येक गोष्ट उलटी निघाली. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. मुलांना शाळेत तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घेऊन दाखवतात तो हाच प्रयोग. पाणी म्हणजे अंगावर पडणारा पाऊसच असला पाहिजे असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवा त्याहून दमट असते. मातीतून ओल वर येते, ताडपत्रीखाली अडकते, रात्री पत्रा गार झाला की त्याच्यावर दव धरतं. उघड्यावर भिजलेली गाडी उन्हात तासाभरात सुकते. ताडपत्रीखालची गाडी सुकतच नाही. खताच्या पोत्यांतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. त्यांची धूळ पत्र्यावर बसली की मिठाच्या पाण्याने काम करावं तसा गंज धावतो. कोकणातल्या गाड्या लवकर का खराब होतात, ते यावरून कळतं.

सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पाच मिनिटं गाडी चालू करण्याचं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. गाडी नीट तापली तर ही वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते. पाच मिनिटांत बंद केली तर तिचं पाणी होऊन सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या ऑइलमध्ये राहतं. म्हणजे दर पंधरा दिवसांनी आम्ही गाडीला आतून पाणी पाजत होतो.

चांदीच्या गावात वाढलेल्या आम्हाला गंज नीट कळलाच नव्हता. चांदी काळी पडते. हवेतल्या गंधकामुळे तिच्यावर काळा थर चढतो; पण कारागिराने रिठ्याच्या पाण्यात घासून उजाळा दिला की ती पुन्हा चमकते, खालची चांदी शाबूत असते. लोखंडाचा गंज असा वर बसून राहत नाही. तो सच्छिद्र असतो, मूळ पत्र्यापेक्षा कित्येक पट फुगतो, रंगाचा पापुद्रा उचलतो आणि त्याखाली आणखी पाणी धरून ठेवतो. रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा रुपयाएवढा गेलेला असतो.

मग लोखंड टिकतच नाही का? दिल्लीला कुतुबमिनारजवळ कुव्वतुल इस्लाम मस्जिदीच्या अंगणात लोखंडी स्तंभ आहे. सात मीटरहून उंच, वजन सहा टनांहून जास्त, आणि वय दीड हजार वर्षांच्या वर. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने त्यावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि तोच त्याचं रक्षण करतो. तो थर बनायला ओलं होणं आणि पुन्हा सुकणं, असं दोन्ही लागलं. हा स्तंभ उघड्या अंगणात वारा-ऊन खात उभा आहे. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक गाडी आहे. स्वातंत्र्याच्या आधीची ही जर्मन गाडी दसऱ्याला रस्त्यावर येते आणि दसरा चौकात ती पाहायला लोक गर्दी करतात. जुनी वस्तू टिकते, पण तिच्याकडे कुणी तरी लक्ष देत असावं लागतं.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी किंवा मोटारसायकल बंद जागेत उभी आहे, त्यांच्यासाठी आम्ही चुकून जे शिकलो ते सांगतो.

आधी जागा तपासा. जमिनीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने किंवा मातीने बंद करा आणि एक दिवस ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते आहे. अशा जागी गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या किंवा विटा टाकाव्यात. प्लास्टिक गाडीच्या खाली हवं, वर नव्हे. समोरासमोरच्या भिंतींत एक जाळी खाली आणि एक वर ठेवली की वारा खेळतो. खत, मीठ, ब्लीचिंग पावडर, ओल्या छत्र्या, भुसा आणि शेणी यांतलं काहीही तिथे ठेवू नये.

गाडी आत लावण्यापूर्वी खालून धुऊन चिखल काढावा आणि दोन दिवस उन्हात दारं उघडून सुकवावी. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती मातीने बुजतात आणि दार आतून कुजतं. काडीने ती मोकळी करावीत. पायाखालचे रबरी मॅट आणि त्याखालचं जाजम काढून ठेवावं. आमच्या गाडीचा तळ तिथूनच गेला, वरचं रबर मात्र नव्यासारखं होतं. झाकायचंच असेल तर सुती चादर वापरावी, जिच्यातून हवा जाते. हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. चाकाला लाकडी ठोकळा लावावा. बॅटरीची वायर काढून तिच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. पेट्रोलची जुनी लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवली तर रिकाम्या भागात आतून पाणी धरतं, म्हणून ती भरलेली असावी. पण आताच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसासारख्या पिकांपासून केलेलं इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून भरलेलं पेट्रोल सहा-आठ महिने पडू न देता वापरून टाकावं. गाडी चालू करायची तर बाहेर काढून अर्धा तास चालवावी. जमत नसेल तर चालू न केलेलीच बरी.

गंज दिसला तर त्यावर नुसता रंग फासू नये. डांबरासारखा जाड थरही फासू नये. ओल त्याच्या आड अडकते आणि काम आतल्या आत चालू राहतं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावं, त्याच दिवशी प्रायमर द्यावा, मग रंग. सांध्यांत आणि पोकळ जागांत ग्रीस किंवा मेण भरावं. जुनं काळं ऑइल खाली मारायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने रबराचे भाग फुगतात आणि ऑइल गळून माती-पाणी खराब होतं. ते टाळलेलं बरं.

एवढं सगळं कळल्यावरही एक प्रश्न उरला होता. चार वर्षांत आमच्यापैकी एकानेही ती ताडपत्री सोडून का पाहिली नाही? अम्मींचा शब्द होता, हे खरं. पण पहिल्या वर्षानंतर अम्मी काही बोलतच नव्हत्या. खरं कारण असं, की गाडी कुणाची हा प्रश्न आम्ही काढलाच नव्हता. दुरुस्त करायची तर खर्च कुणाचा? विकायची तर पैसे कुणाचे? पहिल्याच वर्षी एका ओळखीच्या माणसाने ४० हजार रुपये देऊ केले होते. आम्ही "बघू" म्हणालो आणि विषय टाळला. मरहूम वडिलांचा तरका वाटायचा विषय काढणं म्हणजे लोभीपणा, असं आम्हाला वाटत होतं. आमच्या समाजात पुष्कळ घरांत असंच वाटतं.

तळ बदलायचं ठरलं तेव्हा कागदांचा प्रश्न आला. गाडी अजून अब्बांच्या नावावर. नियमाप्रमाणे मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. आम्ही दोन्ही मुदती केव्हाच ओलांडल्या होत्या. एजंट म्हणाला, "बाकीच्या वारसांचं संमतिपत्र आणा." बाकीच्या म्हणजे अम्मी आणि आपा. आपा आमची थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली. लिहायला लाज वाटते, पण या सगळ्या प्रकरणात आम्हाला आपाची पहिली आठवण झाली ती सहीसाठी.

आम्ही दोघे भाऊ मिठाई घेऊन गेलो. आपांनी चहा दिला, मुलाच्या पायाची चौकशी केली, कागदावर सही केली. मग म्हणाल्या, "गाडी अशी कशी सडली? दर वर्षी मृगाच्या आधी अब्बा तिला अंगणात काढायचे. ते खाली झोपून ग्रीस लावायचे आणि ग्रीसचा डबा घेऊन मी बाजूला बसायची. जाजम मी उन्हात टाकायची. दारांची भोकं मी काडीने साफ करायची. तुम्ही लोकांनी मला एकदा तरी विचारायचं होतं."

आम्ही दोघे त्या काळात क्रिकेट खेळत असू. अब्बा मृगाच्या आधी असं काही करतात, हे आम्हाला माहीतही नव्हतं. जे मिस्त्रींकडून शिकलो असं वर लिहिलं, त्यातलं निम्मं आपांना दहाव्या-बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि चार वर्षं घरात "आम्ही गाडी सांभाळतोय" म्हणताना त्या 'आम्ही'त आपांना आम्ही धरलंच नव्हतं.

परत येताना आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मस्जिदीच्या इमामसाहेबांना भेटलो. ते म्हणाले की कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागली की तरका लवकर वाटावा, कारण निधनाच्या क्षणापासून त्यात प्रत्येक वारसाचा हक्क लागलेला असतो. वाटणी होईपर्यंत वस्तू ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे ती इतरांची अमानत असते. आपोआप झालेलं नुकसान वेगळं. पण हयगयीने नुकसान झालं तर ते ताबा ठेवणाऱ्याने सोसावं.

हिशेब सोपा होता. अपत्यं असल्याने पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे ४० भाग केले तर अम्मींचे ५, आपांचे ७ आणि आम्हा भावांचे प्रत्येकी १४. आता किंमत कोणती धरायची? भंगारवाल्याने १२ हजार सांगितले होते. त्या किमतीने आपांचे २,१०० रुपये होतात. आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघूनही गेलं, की आजची किंमत हीच आहे. पण गाडी १२ हजारांची झाली ती आमच्या ताब्यात असताना, आमच्या हयगयीने. शेवटी ४० हजारच धरले. अम्मींना ५ हजार, आपांना ७ हजार दिले, गाडी आम्हा दोघांची झाली.

आपा पैसे घेईनात. "भावांकडून काय घ्यायचं?" म्हणाल्या. आपल्याकडे बहिणींना हेच शिकवलेलं असतं, आणि आम्ही भाऊ तेवढं ऐकून पाकीट परत खिशात घालायला तयारच असतो. या वेळी अम्मींनी ते पाकीट आपांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे भावांचं नाही, तुझ्या बापाचं आहे." मग आपांनी घेतलं.

कुरआन शरीफमध्ये लोखंडाच्या नावाची एक सूरह आहे, अल्-हदीद, ५७ वी. लोखंडात ताकद आहे आणि माणसांसाठी फायदे आहेत, असं त्यात सांगितलं आहे. गंजाचा उल्लेख मात्र दुसरीकडे येतो. ८३ व्या सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये, माणसं जे करतात त्याचा गंज त्यांच्या मनावर चढतो, अशा अर्थाची आयत आहे. उर्दू तर्जुम्यात तिथे 'ज़ंग' हा शब्द वाचायला मिळतो. मुतफ्फिफीन म्हणजे स्वतः घेताना पुरं मापून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे. कितीदा तिलावत केली असेल. त्या सूरहचं नाव आणि त्यातला तो गंज यांचा संबंध आम्हाला त्या आठवड्यात पहिल्यांदा लागला. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना आणि मराठीत 'गंज' म्हणजे हा. खजिना म्हणून आवळून बांधून ठेवलेल्या वस्तूचं मराठीतलं गंज होताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मिस्त्रींनी २० गेजचा पत्रा वापरून तळ नवा बसवला. पत्राकाम आणि रंग धरून १८ हजार लागले. इतकी जुनी गाडी रस्त्यावर आणायची तर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि तपासणीत तळ सडलेला चालत नाही. तेही सोपस्कार झाले. गोठ्याच्या भिंतींत दोन जाळ्या बसवल्या, खताची पोती बाहेर गेली, ताडपत्री उसाच्या मोटरीवर गेली. घर आणि वीस गुंठे शेताचे कागद अजून चालू आहेत. वारस म्हणून आपांचंही नाव लावायचा अर्ज दिला आहे. शेजारच्या एक-दोघांनी "कशाला वाढवताय?" म्हणून विचारलं. त्यांना आम्ही गाडीचा जुना तळ दाखवतो. तो मुद्दाम ठेवला आहे.

मिस्त्रींनी बजावलंय की पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी अर्धा तास पळाली पाहिजे, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी निघून जातं. हुपरीहून इचलकरंजी तेवढ्या वेळात होते. जुम्याची नमाज झाली की एक आड एक शुक्रवारी आम्ही अम्मींना पुढच्या सीटवर बसवतो आणि आपांकडे चहाला जातो. या वर्षी मृगाच्या आधी गाडी अंगणात काढायची आहे. आपा येणार आहेत. धाकट्याच्या मुलाला त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, "ग्रीसचा डबा तू धरायचास."